खांद्यावरून उतरलेला बोकड

मी ज्या यंत्राबद्दल लिहितो आहे ते मेलेल्या हरणासाठी होतं. परदेशातल्या एका कंपनीला असा संच हवा होता की एक पाय किंवा एक हात नसलेल्या शिकाऱ्याला, हरीण मारल्यावर, ते जंगलातून गाडीपर्यंत ओढून आणणं, टांगणं, सोलणं आणि कापणं हे सगळं कुणाच्याही मदतीशिवाय करता यावं. हे काम फिरत फिरत हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात आलं. आम्ही सहाजण होतो. आपल्याकडे शिकारीला बंदी असल्यामुळे सहापैकी पाचांनी हरीण फक्त प्राणिसंग्रहालयाच्या जाळीपलीकडून पाहिलं होतं. सहावा शाकाहारी होता आणि त्यानं या विषयावर बोलायलाच नकार दिला.

त्यांनी पाठवलेल्या कागदांत ‘एकट्याने’ हा शब्द पानापानावर होता. पट्टा बांधणार कोण? वापरणारा, एकट्याने. हरीण टांगणार कोण? वापरणारा, एकट्याने. मला तेव्हा हा जरा जास्तच थाट वाटला. जंगलात जाताना एखादा मित्र बरोबर नेला तर काय बिघडतं, असं मी मीटिंगमध्ये विचारलंही. आमच्या मॅनेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ग्राहकाच्या खिशातच हात घातला होता.

मी मराठवाड्यातला. नोकरीसाठी इकडे आलो आणि घोटावड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. साठी उलटलेला, रुंद खांद्यांचा, तोंडानं फटकळ माणूस. दीड वर्षापूर्वी साखरेच्या दुखण्यात डाव्या पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांना मिळालेला नकली पाय पडवीत खुंटीला टांगलेला असे. घासतो म्हणून ते तो घालत नसत. पाहुणे आले की तेवढ्यापुरता घालत, जशी काही माणसं टोपी घालतात. एरवी दोन कुबड्या.

एका संध्याकाळी पडवीत लॅपटॉप उघडून मी त्या संचाचं चित्र दुरुस्त करत बसलो होतो. आबा मागे येऊन उभे राहिले.

“ह्यो कोण गडी? ह्याला बी पाय न्हाई व्हय?”

“तो शिकारी आहे, आबा.”

“आन् हे काय वढतोय?”

मी सगळं सांगितलं. ते चित्रावर वाकून बघू लागले. मग कुबडीचं टोक पडद्याला लागेल इतकं जवळ आणून म्हणाले, “चालताना ह्याचं दोन्ही हात कुबड्यांत. मग वढायचं कशानं, दातानं?”

आम्ही सहाजण तीन आठवडे ज्या अडचणीभोवती घोळत होतो, ती हीच होती. कुबडीवर चालणारा माणूस चालतो तरी किंवा ओढतो तरी. म्हणून आम्ही शेवटी विंच घेतलं होतं: झाडाला पट्टा बांधायचा, बसायचं आणि दांडा फिरवून ओझं आपल्याकडे आणायचं. मी ते सांगितल्यावर आबा हसले नाहीत. म्हणाले, “मला करून दावशीला? खरंखुरं?”

का, ते मला दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे आबांच्या बायको. त्या भाकरी थापत होत्या आणि तव्याशीच बोलल्यासारखं बोलत होत्या.

घोटावड्यात त्यांच्या भावकीची अकरा घरं. भावकीचं देवाचं ठाणं गावामागच्या टेकडीवर, शेंदूर लावलेले तीन दगड आणि वर पत्रा. चैत्रात जत्रेच्या दिवशी तिथे भावकीचा एक बोकड देवाला दाखवतात, गावचा मुलाणी तो हलाल करतो, आणि मग भावकीतला एकजण तो खांद्यावर टाकून टेकडी उतरतो. ज्याच्या खांद्यावरून बोकड उतरला, त्याच्याच हातात सुरी. तोच सोलणार, तोच तोडणार आणि तोच पळसाच्या पानांवर अकरा वाटे घालणार. वाटे घालणाऱ्यानं आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा. म्हणजे वाटे समान पडतात. माणसावर विश्वास ठेवण्यापेक्षा ही पद्धत बरी.

तीस वर्षं हे आबांकडे होतं. पाय गेल्यानंतरच्या जत्रेला सुरी त्यांच्या चुलतभावानं घेतली.

“आन् तुमाला सांगते,” काकू म्हणाल्या, “ह्यांनी वाटं घातलं की लोक पुढ्यातलं पान उचलून चालू पडायचे. मागल्या साली बायाबी वाकून वाकून बगत व्हत्या. हाडं किती, काळजाचा तुकडा हाय का न्हाई. एक पान तर दोघींनी तीनदा उलटलं.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “ह्ये घरात बसून ऐकत व्हते.”

यंदाही तसंच झालं तर सुरी कायमची गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा हुकलेलं चालतं. दोनदा हुकलं की तीच रीत होते.

पाडव्याला भावकी जमली तेव्हा आबांनी सांगून टाकलं, यंदा बोकड मी आणणार. चुलतभाऊ त्यांच्याहून पाचेक वर्षांनी लहान, घोटावड्याच्या चौकात हार्डवेअरचं दुकान, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

“दादा, कसा आणशील?”

“आणीन.”

“कुणी धरून आणला तर ते आणणं न्हाई बरं का.”

“कुणी हात लावायचा न्हाई. बोकडाला न्हाई, मला न्हाई, सामानाला न्हाई.”

“सामान वर कोण न्हेणार?”

“मीच.”

कुणीतरी मागून म्हणालं, “मग देव हितंच खाली आणा की.” सगळे हसले; आबा हसले नाहीत. त्या क्षणी मला कळलं की परदेशातल्या त्या कागदांतला ‘एकट्याने’ हा थाट नव्हता. कुणीतरी पाडव्याच्या अशाच बैठकीतून उठून तो लिहिला असणार.

मी ऑफिसातून नमुन्याचा संच घरी आणला. तीन वस्तू होत्या. एक घसरपाटी, म्हणजे जाड प्लॅस्टिकची खोलगट पाटी, माणूस आडवा मावेल एवढी. एक हातानं फिरवायचं विंच, पंचवीस मीटर पट्ट्याचं. आणि एक घडीचं तिकाटणं, तीन नळ्या एकत्र उभ्या केल्या की त्याखाली जनावर टांगता येईल असं. आम्ही इंद्रायणी तांदळाची पोती घसरपाटीवर घालून शेताच्या बांधावर ओढून पाहिली. आबा वर बसून दांडा फिरवत, विंचची खिटी दातेरी चाकावर कट्कट् बोलत राही, पोतं शहाण्यासारखं चढून येई. एकवीस वेळा ओढलं, एकवीस वेळा आलं. मी आकडे भरले, ऑफिसला पाठवले.

“पोतं सांगितल्या जागी बसतंय,” आबा म्हणाले. “मेलेलं जनावर बसत न्हाई. सांडतं.”

म्हणून मी घसरपाटीला आणखी दोन आडवे पट्टे लावले आणि स्वतःवर खूश झालो.

दरम्यान आमच्या मॅनेजरांना बातमी लागली. खरा वापरणारा, खरं जनावर, खरा डोंगर. हे ग्राहकाला दाखवायचं म्हणजे चित्रफीत हवी. चित्रफीत म्हणजे कार्यक्रम. कार्यक्रम म्हणजे मंडप, फ्लेक्स आणि अध्यक्ष. फ्लेक्सवर आबांचा फोटो मावला नाही, कारण पाहुण्यांचे नऊ होते. मी आबांना म्हणालो, नको असेल तर नाही म्हणून सांगतो.

“येऊ द्या की. खाली बसून भाषणं करत्यात नव्हं? करू द्या. वर येऊ नका म्हनावं.” मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, “तुमी या. पर हात खिशात.”

“म्हणजे?”

“म्हंजी हात खिशात. भावकीतलं चार डोळं टेकडीवर लागलेलं असणार. तुमचा हात नुसता हालला तरी त्यो म्हनंल, इंजिनेरानं धरला.”

जत्रेच्या दिवशी उजाडताच आबा निघाले. घसरपाटीवर विंच, पट्टा, एक कोयता आणि पाण्याची बाटली. तिकाटणं अंगणातच ठेवलं होतं, कारण सोलायचं खालीच होतं. पट्ट्याचं टोक घसरपाटीला बांधून, विंच कमरेला अडकवून ते कुबड्यांवर वरच्या झाडापर्यंत जात, विंच झाडाला बांधत, बसत आणि घसरपाटी वर ओढून घेत. मग पुढचं झाड. मी हात खिशात घालून मागे मागे. एवढ्या निरुपयोगी अवस्थेत मी यापूर्वी फक्त स्वतःच्या लग्नात उभा राहिलो होतो. दोन तास लागले. चढण आमच्या यंत्राला मानवत होती. खिटी प्रत्येक दात धरत होती, एकदाही सुटली नाही.

वर भावकीतले सात-आठजण आधीच येऊन बसले होते. पूजा झाली. मुलाण्यानं ठाण्यापासून बाजूला, आंब्याखाली त्याचं काम केलं आणि हात धुऊन तो आपल्या वाटेनं गेला. तीस-पस्तीस किलोचा काळा बोकड. आबांनी बसल्या बसल्या तो घसरपाटीवर ओढून घेतला, पाय दुमडले, पट्टे आवळले. चुलतभाऊ हाताची घडी घालून पाहत होता. मग तो आणि बाकीचे पायवाटेनं खाली गेले; बोकडाच्या आधी भावकीनं उतरायचं असतं.

मी टेकडीवरून खाली पाहिलं. मंडपाचं लाल-पांढरं कापड दिसत होतं. आणि ते पाहताना मला लक्षात आलं.

आमच्या चित्रात हरीण नेहमी खाली डाव्या कोपऱ्यात होतं आणि गाडी वर उजव्या. त्यांच्याकडे रस्ता वरून जातो, हरीण दरीत पडतं, म्हणून ओझं नेहमी चढवायचं. सहा माणसांनी चार महिने त्याच चित्राकडे पाहिलं होतं. बांधावर पोती आम्ही चढवलीच होती, एकवीस वेळा. उतरवलं एकदाही नव्हतं. ती खिटी एकाच दिशेनं धरते. ओझं खाली सोडायचं तर ती उचलायची, आणि उचलली की सगळं वजन दांड्यावर येतं. दांडा हातातून सुटला तर गरगर फिरून मनगट मोडतो, आणि ओझं मोकळं. विंचला ब्रेक असावा असं मी सुरुवातीला लिहिलं होतं. वजन वाढतं म्हणून ग्राहकानं तो खोडला, आणि मी, ओझं चढवायचंच तर आहे, असं म्हणून सही केली. दहा महिने ज्या घरात राहत होतो त्याच्या मागच्या दारातून हे ठाणं रोज वर दिसत होतं.

मी आबांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सांगितलं. हात खिशातच होते.

 दांडा हातात घेऊन त्यांनी खिटी उचलून पाहिली, पुन्हा टाकली. कट्.

“म्हंजी हे चढाचंच हाय.”

“हो.”

“आन् तुमाला आत्ता कळलं.”

“हो.”

“लई शिकलायसा.”

खाली लाउडस्पीकर सुरू झाला. हॅलो, माइक टेस्टिंग. आबांनी तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली आणि टेकडीकडे पाहत राहिले. मी म्हणालो, “आबा, मी खाली जाऊन सांगतो. चूक आमची आहे. यंत्रात दोष आहे म्हणून सांगतो, तुमच्यावर काही येणार नाही.”

“आन् मग बोकड कोण आणणार?”

 चुलतभाऊ आणणार. तो वाईट माणूसही नव्हता. मागच्या वर्षी त्यानं बोकड नीटच आणला होता.

आबांनी विंच उघडलं, पट्टा पूर्ण बाहेर काढला आणि विंच बाजूला गवतात ठेवून दिलं. चार महिन्यांचं काम गवतात. मग पट्ट्याचं एक टोक घसरपाटीला बांधलं, पट्टा आंब्याच्या बुंध्याला वळसा घालून आणला आणि दुसरं टोक आपल्या मुठीला गुंडाळलं. “गवताचं भारं असंच सोडायचो डोंगरावनं,” ते म्हणाले. “वजन झाड धरतंय. आपुन निस्तं सोडत जायचं.” कुबड्या त्यांनी बोकडावर आडव्या बांधल्या. आणि जमिनीवर बसून, एक टाच रोवत, बुडानं ते उतरायला लागले.

पट्टा सुटत गेला. पुढे बोकड, मागे आबा. निम्मा पट्टा संपला की खालच्या झाडाशी थांबायचं, घसरपाटी गुडघ्यानं अडवायची, पट्टा ओढून घ्यायचा, नव्या झाडाला वळसा. ऐन. आवळा. पुन्हा ऐन. करवंदीच्या जाळीत बोकडाचा एक पाय अडकला. माझ्या आडव्या पट्ट्यातून तो केव्हाच सुटला होता. सांडतं, म्हणाले होते. आबांनी कोयत्यानं फांदी तोडली. त्यांच्या तळहाताची साल निघाली होती आणि पट्ट्यावर लाल डाग उमटत होते. बोकडाचे कुठले आणि त्यांचे कुठले, कळत नव्हतं.

खालून आवाज आला, “आपले हे दिव्यांग बंधू आज उत्तुंग भरारी घेत आहेत!” टाळ्या पडल्या. आबा तेव्हा एका दगडावरून दुसऱ्या दगडावर बूड सरकवत होते.

“काय घेतुया म्हनला?”

“भरारी.”

“आसंल.”

शेवटचा टप्पा आला आणि झाडं संपली. कुठल्याशा फार्महाउसच्या रस्त्यासाठी जेसीबीनं गेल्या वर्षी टेकडीचा पाय कापला होता. वीसेक फुटांचा उघडा मुरूम, वर भुसभुशीत माती, मधे दोन-तीन दगड. पायवाट लांबून वळसा घालून जाते, पण तिला चढउतार होते आणि ओढायला आता विंच नव्हतं. खाली, कापलेल्या कडेशी, चुलतभाऊ उभा होता. मंडपातल्या भाषणाकडे त्याची पाठ होती.

आबांनी खाली पाहिलं. वर शेवटच्या झाडाकडे पाहिलं; ते फार मागे राहिलं होतं, पट्टा पुरणार नव्हता. मग ते घसरपाटीच्या पुढे जाऊन बसले, ओझ्याच्या खालच्या बाजूला.

“आबा, नको.”

“गप बसा.”

त्यांनी आडवे पट्टे सोडले. बोकडाचे पुढचे दोन्ही पाय आपल्या दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतले, छातीशी धरले आणि टाच मुरमात रोवून सरकायला सुरुवात केली. एक वीत. एक वीत. घसरपाटी मागून त्यांच्या पाठीवर रेलली होती. ती आणि बोकड आणि आबा, सगळ्यांचं वजन एका टाचेवर. माझ्या खिशात माझी बोटं एकमेकांत अडकली होती. मी मनात वजन आणि उताराचा कोन मांडत होतो, दुसरं काही येत नाही म्हणून, आणि उत्तर येत होतं ते चांगलं नव्हतं.

अर्ध्यावर टाचेखालचा मुरूम सुटला.

आवाज फार झाला नाही. नुसतं खर्र. घसरपाटीनं पाठीवर धडक दिली, आबा पाच-सहा फूट एकदम खाली गेले, तुटका पाय दगडावर आपटला आणि त्यांच्या तोंडातून जनावरासारखा हुंकार निघाला. माझे हात बाहेर आले होते. मी दोन पावलं धावलोही होतो.

“हात!” आबा ओरडले.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांची टाच एका दगडाला टेकली होती, डोकं खाली, बोकडाची मान त्यांच्या कानाशी. मी हात पुन्हा खिशात घातले. आयुष्यात मी फारशा अवघड गोष्टी केलेल्या नाहीत. जेवढ्या केल्या त्यांत ही सगळ्यांत अवघड होती.  मग आबांची टाच दगडावरून बाजूला निघाली आणि पुन्हा एक वीत. एक वीत.

खाली पोचल्यावर ते काही क्षण तसेच बसले, बोकडाचे पाय छातीशी धरून. चुलतभाऊ समोर. भावकीतले बाकीचेही मंडपाकडून सरकत आले होते. आमच्या कॅमेरावाल्यानं यातलं काहीच टिपलं नव्हतं; तो अध्यक्षांचा नारळ टिपत होता.

चुलतभाऊ म्हणाला, “झाडांची मदत घेतली, दादा.”

मागून एक म्हातारी फिस्कन हसली. “आरं, झाड काय भावकीतलं हाय व्हय?”

“मशिन वरच ठिवलं जनू,” चुलतभाऊ म्हणाला.

“व्हय,” आबा म्हणाले. “चढाचं हाय ते.”

चुलतभावानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझ्या बाहेर आलेल्या हातांचा विषय निघणार. त्यानं ते पाहिले होते, यात शंका नाही. त्यानं बोकडाच्या पायांकडे पाहिलं, आबांच्या खांद्यांवर रक्ताचे दोन ओघळ होते तिकडे पाहिलं. मग कमरेची फडक्यात गुंडाळलेली सुरी काढून आबांच्या शेजारी दगडावर ठेवली आणि मंडपाकडे निघून गेला.

पुढचं काम अंगणात झालं. आबांनी तिकाटणं स्वतः उभं केलं आणि आमच्या संचाच्या वतीनं मी इथे एक गोष्ट नोंदवतो: तिकाटणं उत्तम निघालं. तोवर मी विंच टेकडीवरून आणून दिलं होतं. जत्रेच्या नियमांत परत आणलेल्या सामानाबद्दल काही नाही, असं काकूंनी जाहीर केलं. आबा स्टुलावर बसून राहिले आणि स्वतः हलण्याऐवजी त्यांनी बोकड हलवला. चार दात वर, सोलायचं. आणखी चार दात, आणखी सोलायचं. कट्कट् करत जनावर त्यांच्या हातांसमोर येत राहिलं. चामडं एका तुकड्यात निघालं. मॅनेजर सुटात असल्यामुळे लांब उभे होते. ते मला म्हणाले, “हा भाग चांगला आला. डोंगराचं आपण नंतर करू, कुणाला तरी कुबड्या देऊन.”

या चाचणीचा अहवाल मला द्यायचा होता; त्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मी तो दुसऱ्या दिवशी खरा लिहिला: ओझं उतरवण्याची चाचणी घेतली नाही, चूक माझी, ब्रेकशिवाय हे विंच विकू नये, आणि वापरणारा पुष्कळदा बसून असेल हे गृहीत धरावं. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ग्राहकाकडून तीन ओळींचं उत्तर आलं. ब्रेक बसवा, वजन वाढलं तरी चालेल. आमच्याकडेही काहीजण वरून खाली आणतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कुणी, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

तर वाटे. आबांच्या हाताला काकूंनी हळद भरून फडकं बांधलं होतं, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला लाकडी ठोकळ्याजवळ येऊ दिलं नाही. अकरा पानं ओळीनं मांडली. प्रत्येक पानावर मांडीचं, बरगडीचं, एक नळी, काळजाचा तुकडा, चरबीची लहान गोळी. एका पानावरून त्यांनी एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर ठेवला, थोडं मागे सरून पाहिलं आणि तो परत पहिल्यावर ठेवला. मग सुरी पुसली आणि म्हणाले, “घ्या.”

कुणी पुढे होईना. दोन बायका वाकायच्या बेतात होत्या. एक तर पदर सावरून उकिडवी बसलीही होती. आबा सुरीच्या पात्याकडे पाहत राहिले, पानांकडे नाही. काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातला पितळी तांब्या अजिबात हलत नव्हता.

चुलतभाऊ मंडपातून आला. खांद्यावर अध्यक्षांनी दिलेली शाल होती. आबांसाठी आणलेली, पण आबा वेळेवर न सापडल्यामुळे त्याला घातलेली. त्यानं ती काढून खाटेवर टाकली. बोलत होता तो तिसऱ्याच कुणाशी, टँकर कधी येणार म्हणून विचारत होता. चालता चालता वाकला, पायाशी जे पान होतं ते उचललं आणि टँकरवाल्याला फोन लाव रे, असं म्हणत फाटकाबाहेर गेला. पानाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

उकिडवी बसलेली बाई उठली. तिनंही पुढ्यातलंच पान घेतलं.